शकुबाई हिवराळे यांचे दोन शब्द

मुंबईत नाहूरला पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर शकुंतलाबाई शिवदास हिवराळे राहतात. सर्वजण त्यांना शकुबाई म्हणतात. त्यांच्याविषयी परिसरात कुणालाही विचारले, तर तो आधी त्यांच्या हातच्या भाकरीविषयी सांगतो, मग वांग्याच्या भाजीविषयी सांगतो, आणि मग घड्याळाकडे पाहतो. बाकीच्या शकुबाई कुणाला फारशा ठाऊक नाहीत. ही हकीकत त्या बाकीच्या शकुबाईंची आहे.

शकुबाईंचे माहेर बुलढाणा जिल्ह्यातले. लग्न होऊन त्या नाहूरला आल्या. त्यानंतर त्यांनी प्रवास केला नाही असे नाही. लग्नाला गेल्या, बारशाला गेल्या, दुःखाच्या प्रसंगीही गेल्या. परंतु जेथे गेल्या तेथे पोहोचताच कुणीतरी म्हणे, "आल्या बाई शकुबाई, आता काळजी नाही," आणि त्यांच्या हाती उलथने देई. नागपूरला दीक्षाभूमीवर त्या गेल्या, तेव्हा भाषणे त्यांनी पिठल्याच्या पातेल्यापाशी उभ्या राहून ऐकली. मोठ्या पातेल्याच्या आवाजात भाषण फारसे ऐकू येत नाही.

बोधगयेची गोष्ट तर त्यांनी कधी कुणाला सांगितलीच नव्हती. विहारातर्फे बस गेली होती. परतीच्या प्रवासासाठी पुऱ्या हव्यात असे ठरले आणि पुऱ्या म्हटल्यावर शकुबाईच. सर्व मंडळी बोधिवृक्षाचे दर्शन घेण्यास गेली, तेव्हा त्या धर्मशाळेच्या मागील अंगणात पुऱ्या तळत होत्या. शेवटचा घाणा काढून, हात धुऊन, पांढरी साडी नेसून त्या लगबगीने निघाल्या, तोपर्यंत महाविहाराचे दार बंद झाले होते. पहाटे बस सुटली. नाहूरला आल्यावर शेजारणींनी विचारले, "काय गं, झाड कसं आहे?" शकुबाई म्हणाल्या, "मोठं आहे." भिंतीवरून वरच्या फांद्या दिसल्या होत्या. त्यामुळे ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते, आणि शकुबाईंना ते अनेक वर्षे टोचत राहिले.

त्यांचे यजमान शिवदासराव मुलुंडच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी घरात सुपरवायझर म्हणून रुजू झाले. देखरेख करण्यासारखे घरात फारसे काही नव्हते. म्हणून ते मोबाईल पाहू लागले. एके दिवशी त्यात त्यांना एक गोरे कुटुंब दिसले. ते कुटुंब चाकांवरचे घर घेऊन बोटीत चढले, समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात उतरले, आणि तेथे समुद्रकिनारी गाडी उभी करून त्यांनी अंडी तळली. शिवदासराव भारावून गेले. अंडी तळणारी घरातली बाई होती, ही गोष्ट फक्त शकुबाईंच्या लक्षात आली.

"आपण पण जायचं," शिवदासरावांनी जाहीर केले. "सहकुटुंब. परदेशात. बोटीने. स्वतःच्या गाडीत."

"पप्पा, कुठल्या देशात?" मुलगा मिथुन याने विचारले. मिथुन एका विमा कंपनीत काम करतो आणि प्रत्येक गोष्टीत पुढचा धोका पाहण्याची त्याला सवय आहे. मात्र ती सवय तो कचेरीतच ठेवून येतो.

शिवदासरावांनी एवढा विचार केला नव्हता. तेव्हा भाजी निवडता निवडता शकुबाई हळूच म्हणाल्या, "श्रीलंकेला जाऊया का? अनुराधपूरला बोधिवृक्ष आहे. विहारातले भंतेजी सांगत होते, संघमित्रेने इथून फांदी नेली, तिचंच ते झाड."

"हेच मी म्हणणार होतो," शिवदासराव म्हणाले, आणि श्रीलंका सर्वानुमते मंजूर झाली.

आपल्या समाजात कोणतेही कार्य समितीवाचून होत नाही. त्याप्रमाणे रविवारी चहाच्या वेळी 'हिवराळे परिवार परदेश दौरा समिती' स्थापन झाली. शिवदासराव अध्यक्ष झाले. मिथुन कार्यवाह झाला. सून सपना प्रसिद्धिप्रमुख झाली, कारण तिचा फोन नवा होता. नात श्रुतिका हिला कोणतेच पद मिळेना म्हणून ती रडू लागली, तेव्हा तिला उपाध्यक्ष करण्यात आले. शेजारचे चंदर कोळी हे सागरी सल्लागार झाले. चंदररावांचे दोघे भाऊ अजूनही होडी घेऊन खाडीत जातात. चंदरराव स्वतः जात नाहीत, कारण त्यांना होडी लागते.

"आणि आई?" सपनाने विचारले.

"आईचं काय विचारायचं," शिवदासराव म्हणाले, "भोजन विभाग."

मग शिवदासरावांनी चाकांवरच्या घराचे फायदे समजावून सांगितले. हॉटेलात उतरावे लागत नाही. बाहेरचे खावे लागत नाही. घरची भाकरी, घरचा ठेचा, घरचा चहा, तोही परदेशात. जसजसे फायदे वाढत गेले, तसतसा शकुबाईंचा हात मेथीच्या जुडीवर मंद होत गेला. प्रत्येक फायदा त्यांच्याच हातून व्हायचा होता.

गाडी मिळाली ती भांडुपच्या एका गॅरेजवाल्याकडून, भाड्याने. ती पूर्वी एका धर्मादाय संस्थेचा फिरता दवाखाना होती. तिच्यावर नवा पांढरा रंग दिला होता, पण ऊन पडले की रंगाखालून 'मोफत नेत्रतपासणी' ही अक्षरे स्पष्ट वाचता येत. आत डोळे तपासण्याची एक गुबगुबीत खुर्ची खिडकीपाशी बसवलेली होती. ती तशीच राहिली, कारण ती निघत नव्हती. बाकी सर्व जागेत समितीने स्वयंपाकघर उभारले. दोन शेगड्यांचा ओटा आला, मिक्सर आला, पिठाचे डबे आले, मसाल्याची मांडणी आली. भाकरीचा लोखंडी तवा अडकवण्यास शिवदासरावांनी स्वहस्ते खिळा ठोकला.

"झकास!" चंदरराव म्हणाले. "वहिनी, तुमची तर ऐशच आहे. घरच्यापेक्षा मोठा ओटा."

"हो ना," शकुबाई म्हणाल्या. "आणि घरचा ओटा निदान एका जागी उभा असतो."

माणसांची तिकिटे मिथुनने एजंटाकरवी काढली. तामिळनाडूतील नागपट्टणमहून बोट सुटते असे एजंटाने सांगितले होते. "आणि गाडीचं तिकीट?" सपनाने विचारले. तेव्हा समितीचे तीनही पुरुष एकाच वेळी हसले.

"अगं, गाडीचं तिकीट धक्क्यावर फाडतात," मिथुन म्हणाला. "भाईंदरला नाही का, गाडी बोटीत घातली की माणूस येऊन पावती फाडतो."

"समुद्र म्हणजे समुद्र," सागरी सल्लागार म्हणाले. "बोट म्हणजे बोट. इथे एक, तिथे एक असं नसतं."

तथापि, शिवदासराव कारखान्यातले माणूस असल्यामुळे चाचणीवाचून माल बाहेर काढणे त्यांना पटेना. म्हणून एका शनिवारी रंगीत तालीम ठरली. घोडबंदर रस्त्याने भाईंदरला जायचे, गाडीसह रो-रो बोटीत चढायचे आणि वसईला उतरून भजी खायची. भजी अर्थातच बोटीत तळायची होती, म्हणजे समुद्रावर तेल कसे वागते तेही कळले असते.

गाडी बोटीत चढली. समिती वरच्या बाजूस फोटो काढण्यास गेली. शकुबाईंनी शेगडी पेटवली, कढई ठेवली, आणि तेवढ्यात खिडकीवर थाप पडली. बोटीवरचा एक कर्मचारी ओरडत होता, "ओ मावशी! गॅस बंद! बोटीत जाळ चालत नाय. खाली उतरा, बाहेर उभ्या राहा!"

शकुबाईंनी शेगडी बंद केली आणि त्या बाहेर कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाडीचे पाणी संथ होते. दूर कांदळवन हिरवेगार दिसत होते. सवयीने त्यांनी पदराला हात पुसले, पण हात कोरडेच होते. कित्येक वर्षांत त्या अशा नुसत्या उभ्या राहिल्या नव्हत्या. आपल्या हातांचे काय करावे हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते कठड्यावर ठेवले आणि पलीकडचा किनारा येईपर्यंत तेथेच राहू दिले.

तो कर्मचारी जवळच दोर गुंडाळत होता. शकुबाईंनी त्याला विचारले, "का रे बाळा, सगळ्याच बोटी गाड्या घेतात का?"

"नाय ओ मावशी. ही रो-रो आहे म्हणून घेते. माणसांची बोट गाडी कशी घेईल? तुम्हाला कुठं जायचंय?"

"श्रीलंकेला."

तो हसला. शकुबाई हसल्या नाहीत, तेव्हा त्याने खिशातून मोबाईल काढला, अंगठ्याने थोडे वर-खाली केले आणि म्हणाला, "हे बघा. नागपट्टणमची ना? फक्त माणसं. माणूस आणि त्याची बॅग, ती पण वजन करून. गाडी-बिडी काय नाय." समितीला एक महिना जे कळले नव्हते, ते त्याला दोर हातातून खाली न ठेवता कळले.

वसईला उतरल्यावर गाडी झाडाखाली उभी केली. ऊन लख्ख पडले होते. पाहता पाहता गाडीपुढे वृद्धांची रांग लागली. एक आजी थेट आत येऊन गुबगुबीत खुर्चीत बसल्या आणि उजव्या डोळ्याला धुरकट दिसते असे सांगू लागल्या. शिवदासरावांनी परोपरीने समजावले, पण रांग हटेना. शेवटी त्यांनी दोघातिघांचे चष्मे रुमालाने पुसून दिले. लोक समाधानाने परत गेले. एक आजोबा म्हणाले की पूर्वीच्या डॉक्टरपेक्षा हे चांगले आहेत.

परतीच्या वाटेवर शकुबाई म्हणाल्या, "अहो, त्या लंकेच्या बोटीचं मला जरा—"

"बोटीचं चंदर बघतोय," शिवदासराव म्हणाले. "तू मसाल्याचं बघ."

पुढच्या रविवारी समितीची बैठक भरली, तेव्हा त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "मला एक बोलायचं होतं."

"भोजनाचा विषय शेवटी," अध्यक्षांनी निर्णय दिला. शेवट आला तेव्हा चहा आला होता, आणि चहा आल्यावर बैठक संपते असा प्रघात आहे.

त्यानंतर शकुबाईंनी विचार केला. तिसऱ्यांदा सांगितले, तर काय होईल हे त्यांना स्पष्ट दिसत होते. लंका रद्द होईल. पण गाडी रद्द होणार नाही. गाडी घेऊन सर्वजण अलिबागला जातील, नाहीतर तारकर्लीला जातील, आणि शकुबाई समुद्राकडे पाठ करून भाकऱ्या थापतील. झाड पुन्हा भिंतीपलीकडेच राहील. उलट, न सांगितले तर? रविवारी विहारात त्यांनी सर्वांसोबत पंचशील म्हटले. खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे चौथे शील म्हणताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा बारीक निघाला. कुणी विचारलेच नाही, तर न सांगणे हे खोटे होते का, हा प्रश्न भंतेजींना विचारावा असे त्यांना वाटले. परंतु भंतेजींनी त्याच वेळी त्यांना पुढच्या आठवड्याच्या भोजनदानाविषयी विचारले.

तेव्हा शकुबाईंनी स्वतःच निश्चय केला. आपल्याला ज्या दिवशी कुणी बोलायला सांगेल, त्या दिवशी सर्व खरे सांगायचे. तो दिवस मागून घ्यायचा नाही आणि आला तर टाळायचा नाही.

तो दिवस अनिरुद्धभाऊंमुळे आला. अनिरुद्धभाऊ हे परिसरातील तरुण समाजसेवक. ते नगरसेवक झालेले नाहीत, पण बॅनरवर त्यांच्या चेहऱ्यावर झालेल्याचा भाव असतो. हिवराळे कुटुंब स्वतःच्या गाडीने समुद्रापार जाते आहे, हे सपनाच्या प्रसिद्धीमुळे त्यांना कळले, आणि त्यांनी विहाराच्या सभागृहात जाहीर सत्कार ठेवला. आमच्याकडे माणूस काम करून आला की त्याचा सत्कार होतोच. परंतु काम बिघडण्याची शक्यता असते, म्हणून शहाणे लोक सत्कार आधीच उरकून घेतात.

नाहूर स्टेशनापासून मुलुंडच्या हद्दीपर्यंत बॅनर लागले. बॅनरवर सर्वांत मोठे अनिरुद्धभाऊ होते, कानाला मोबाईल लावून. त्यांच्या खाली एका प्रचंड जहाजावर पांढरी गाडी चढवलेली होती. तिच्या शेजारी हिवराळे कुटुंब तिकिटाएवढे दिसत होते. शकुबाईंचा फोटो मिथुनच्या लग्नातला होता. पंगतीत वाढताना काढलेला तो फोटो कापून घेतला होता, तरी कोपऱ्यात पळीचा दांडा राहून गेला होता.

सभागृह भरले. शाल, पुष्पगुच्छ, टाळ्या झाल्या. अनिरुद्धभाऊ म्हणाले, "आपला माणूस आज स्वतःच्या चाकांवर समुद्र ओलांडतोय! इतिहास घडतोय, मित्रांनो!" चंदरराव सागरी परिस्थितीवर बोलले आणि बोलता बोलता त्यांना किंचित मळमळले. शिवदासराव नियोजनाचे महत्त्व या विषयावर बोलले. शेवटी सूत्रसंचालक म्हणाला, "आता शकुताई, दोन शब्द."

अशा वेळी बायकांनी 'मी काय बोलणार' असे म्हणून बसायचे असते, आणि त्यासाठीही टाळ्या वाजतात. काहींनी त्या वाजवल्यासुद्धा. शकुबाई मात्र उठल्या. बोट गाडी घेत नाही हे ऐकून शिवदासरावांनी भर सभेत दौराच मोडला असता, तर पुन्हा विचारणारे कुणी नव्हते. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"सर्वांना जय भीम. मला बोलायला सांगितलं म्हणून बोलते. आम्ही ज्या बोटीने जाणार आहोत, ती बोट गाड्या घेत नाही. माणसं घेते आणि एकेक बॅग घेते. हे मला भाईंदरच्या बोटीवर कळलं. मी घरी दोनदा सांगायला गेले. तेव्हा भोजनाचा विषय शेवटी घेऊ असं ठरलं. आज शेवट आहे, म्हणून सांगते."

शकुबाईंनी माइक तोंडाशी आणखी जवळ धरला.

"दुसरं म्हणजे, बोधगयेला मी झाड पाहिलेलं नाही. तुम्ही सगळे पाहत होता तेव्हा मी पुऱ्या तळत होते. मोठं आहे म्हणून मी सांगितलं, ते भिंतीबाहेरून. आता मला ते नीट बघायचंय, बसून, रिकाम्या हाताने. संघमित्रा बोटीतून गेली, तेव्हा तिने बोधिवृक्षाची फांदी नेली. शेगडी नेल्याचं मी तरी कुठे ऐकलेलं नाही. जय भीम."

त्यांनी माइक शेजारच्या चंदररावांकडे दिला आणि त्या खाली बसल्या. पहिले शब्द चंदररावांचे उमटले, आणि त्यांच्या हातातला माइक चालूच होता: "वाट लागली!"

मग मागच्या रांगेतून टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या बायकांच्या होत्या. बोधगयेच्या पुऱ्या खाल्लेली एक जण तोंडाला पदर लावून रडत होती, आणि रडता रडता टाळ्या वाजवत होती.

शिवदासरावांचा चेहरा अंगावरच्या लाल शालीच्या रंगाचा झाला. ते उठले, काहीतरी कठोर बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, आणि शाल घसरू लागली म्हणून ती सावरण्यात तो क्षण निघून गेला. तेवढ्यात अनिरुद्धभाऊ त्यांच्या कानाशी लागले. "काका, दौरा रद्द-बिद्द नको हां. बॅनर लागलेत. मुलुंडपर्यंत लागलेत. आता तुम्हाला जावंच लागेल."

"अरे, पण गाडी?"

"गाडीचं मी बघतो. जहाज तर आहे ना? जहाज महत्त्वाचं."

शिवदासरावांनी सभेकडे पाहिले, बॅनरकडे पाहिले, अखेर पत्नीकडे पाहिले. बोटीविषयी, एजंटाविषयी, दोनदा न ऐकलेल्या बोलण्याविषयी ते काहीच म्हणाले नाहीत. त्यांच्या मनात जो प्रश्न होता तोच बाहेर आला. "मग तिथे जेवायचं काय?"

"तिथली माणसं जेवत असतीलच की," शकुबाई म्हणाल्या.

त्या गाडीत पुढच्याच आठवड्यात अनिरुद्धभाऊंनी मोफत नेत्रतपासणी शिबीर भरवले, आणि त्याचेही बॅनर लागले. गाडीवर अक्षरे लिहून घेण्याचा खर्च तेवढा वाचला, कारण रंगाखाली ती तयारच होती.

हिवराळे कुटुंब कुर्ल्याहून चेन्नईच्या रेल्वेगाडीने निघाले. निरोप द्यायला चंदरराव आले होते. बॅगा चढवताना शिवदासरावांची बॅग मिथुनला उचलेना. "पप्पा, यात काय भरलंय? बोटीत वजन करतात!" बॅग उघडली. कपड्यांच्या घडीत लोखंडी तवा होता. शिवदासराव खिडकीबाहेर पाहू लागले.

"पप्पांना तेवढीच सोबत," सपना म्हणाली.

शकुबाईंनी तवा काढून चंदररावांच्या हाती दिला. "भावजी, आम्ही येईपर्यंत सांभाळा. आणि रोज स्वतः भाकरी करा, म्हणजे तवा गंजणार नाही."

बोटीच्या प्रवासात समुद्र फारसा खवळला नाही, तरीही शिवदासराव लिंबू हुंगत बसून राहिले. शकुबाई कठड्यापाशी होत्या आणि आता हातांचे काय करायचे हे त्यांना ठाऊक होते.

अनुराधपूरला पोहोचले तेव्हा सकाळ होती. पांढऱ्या कपड्यांतली माणसे फुले घेऊन वालुकेवर शांत बसली होती. झाड फार मोठे नव्हते. म्हाताऱ्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले होते. शकुबाई त्याच्यासमोर बसल्या आणि त्यांनी वर पाहिले. वारा अगदी थोडा होता, तरी प्रत्येक पान स्वतंत्र हलत होते. किती वेळ गेला ते त्यांनी मोजले नाही. आयुष्यात प्रथमच त्यांना कशाचीही वेळ पाळायची नव्हती.

बऱ्याच वेळाने शिवदासराव सरकत त्यांच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, जेवणाचं काय ठरलंय?"

शकुबाईंनी झाडावरची नजर काढली नाही.

"मला काय माहीत, अहो," त्या म्हणाल्या. "कुणाला तरी विचारा."